डोंगर शोधायला आलो आणि टेकडीला लागलो: एका वाईकराचे पुण्यातले तीन महिने

पुण्यात बदलून येणाऱ्यांसाठी सल्ल्यांचा तुटवडा नाही. खोली कुठे घ्यावी, डबा कोणाचा लावावा, गाडी कोणत्या गल्लीत लावू नये, सगळं कोणी ना कोणी लिहून ठेवलेलं आहे. पण ज्याला सकाळी तासभर चढण चढल्याशिवाय चहा गोड लागत नाही, अशा माणसाने या शहरात काय करावं, हे मात्र कोणी लिहिलेलं दिसलं नाही. म्हणून हा उपद्व्याप.

मी वाईचा. तीस वर्षं तिथे संस्कृत शिकवलं. विद्यार्थी कमी होत होत शेवटी वर्गात मी आणि पंखा असे दोघेच उरलो, आणि पंख्याचं पाठांतर माझ्यापेक्षा बरं होतं. तेवढ्यात पुण्याच्या एका संस्थेने जुन्या पोथ्यांची सूची करायला बोलावलं. तीन महिने काम करून बघा, जमलं तर कायमचं.

माझी बायको वसुधा बँकेत आहे. तिने पत्र शांतपणे वाचलं, चष्मा काढला आणि अट घातली.

"अहो, पाय मुरगळला होता तेव्हा सहा आठवडे तुम्ही सोनजाईच्या डोंगरावर गेला नव्हतात. ते सहा आठवडे मी भोगलेत. डोंगर नसला की तुम्ही माणसांत राहत नाही. तेव्हा आधी तिथे रोज पायी जाता येईल असा डोंगर शोधा. सापडला तर एप्रिलअखेर मी बदलीचा अर्ज टाकते. नाही सापडला तर पोथ्या तिथेच ठेवा आणि परत या."

"आणि सापडल्यासारखा वाटला तर?"

"मला फसवायचं नाही. एवढंच."

झालं. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी सकाळी वाईहून एसटी पकडली. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर आलं की कान उघडतात आणि पुण्याकडे तोंड होतं. अडीच तासांत स्वारगेट. एसटीत बसताना उजवीकडे बसलात तर ऊन, डावीकडे बसलात तरी ऊन. बोगद्यापुरती सावली मिळते.

खोली सदाशिव पेठेत, तिसऱ्या मजल्यावर. मालकीण अभ्यंकरबाई पहिल्या मजल्यावर. वय सत्तरीच्या आसपास, आवाज चाळिशीचा. माझ्या पाठीवरची सॅक, हातातली काठी आणि पायांतले बूट हे त्यांनी त्याच क्रमाने पाहिलं.

"आपण पोथ्यांचं काम करणार होतात ना?"

"हो. पण सकाळी डोंगरावर जायची सवय आहे."

"असू दे. बुटांची माती जिन्यात नको. वर नेऊन कागदावर झाडायची."

"इथे जवळपास एखादा डोंगर आहे का?"

"डोंगर नाही," बाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. हे उत्तर किती काटेकोर होतं हे मला दोन महिन्यांनी कळलं.

पुढचा रविवार अर्थातच सिंहगडाला वाहिला. एकट्याने नवीन ठिकाणी जाण्यापेक्षा ओळखी व्हाव्यात, म्हणून एका ट्रेकिंगवाल्या मंडळात नाव घातलं. तिथेच चुकलो. स्वारगेटहून पायथ्याची बस सुटते. साधी, सोयीची, चहाच्या दोन कपांच्या पैशांत पोचवणारी. पण मंडळाची स्वतःची गाडी होती, आणि तिचे पैसे बसच्या दहापट होते. त्या फरकात एक टी-शर्ट आला. मी तो अजून फरशी पुसायला वापरतो, कापड उत्तम आहे.

पायथ्याशी यथासांग विधी झाले. प्रथम गोल करून उभं राहायचं. मग नाव, कंपनी आणि 'फन फॅक्ट' सांगायचं. मंडळाचा नायक ओंकार, सव्वीस वर्षांचा, गळ्यात शिट्टी.

"सर, तुमचा फन फॅक्ट?"

"मी गेली तीस वर्षं रोज डोंगर चढतो."

"वॉव! सर, मग तुमचं सिंहगडाचं टायमिंग काय?"

"टायमिंग म्हणजे?"

सगळा गोल हळहळला. पुण्यात सिंहगड चढतात हे मला ठाऊक होतं. तो मिनिटांत चढतात हे नव्हतं. इथे माणसाची किंमत त्यावर ठरते. कोणाचं पस्तीस, कोणाचं बेचाळीस, आणि कोणा काकांचं अठ्ठावीस, पण ते काका कोणी प्रत्यक्ष पाहिलेले नाहीत. चढताना सगळे घड्याळाकडे बघत होते. उजव्या हाताला एक शिक्रा घिरट्या घालत होता, त्याचं टायमिंग कोणी घेतलं नाही. मला सव्वा तास लागला. मी शिक्रा पाहिला, वाटेत काकडी खाल्ली, ताक दोनदा प्यालो आणि ताकवाल्या मावशींकडून त्यांच्या सुनेची सगळी हकीकत ऐकली. वर पोचलो तेव्हा ओंकारने माझ्या पाठीवर थाप मारली.

"सर, नो प्रॉब्लेम. पहिल्या वेळेला होतं असं."

गडावरचं पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही याबद्दल माझी तक्रार नाही. ते खायला पुन्हा जाईन. पण मडक्यातलं दही खाताना शेजारी ध्वनिक्षेपकावर लावणी आणि पलीकडे मोबाईलवर हनुमान चालिसा असेल, तर दही कोणत्या रसात खावं हे शास्त्रात सांगितलेलं नाही. उतरताना सॅकचा पट्टा तुटला. तोही कंटाळला असावा.

पट्ट्यामुळे तांबोळी भेटले. नारायण पेठेत त्यांचं पिशव्या शिवायचं दुकान. आजोबांपासून तिथेच. दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, एक बाक आणि छतापर्यंत सॅकच सॅक. डोंगर चढणारं निम्मं पुणे आपले बंद नि साखळ्या इथे शिवून घेतं. त्यांनी माझी सॅक उलटी करून पाहिली.

"कुठे शिवलीय?"

"वाईला."

"दिसतंय." मग आत हात घालून, "यात पाणी, डबा, दोरी, चादर… सिंहगडावर राहायला गेला होतात काय?"

"सवय आहे."

"असो. गुरुवारी या. आणि चढायचीच हौस असेल तर सकाळी सव्वासहाला तळजईच्या टेकडीवर येत जा. आम्ही असतो."

मी मान हलवली आणि मनात हसलो. टेकडी! वाईत ज्याला आम्ही टेकडी म्हणतो त्यावर म्हशी चरतात, माणसं व्यायामाला जात नाहीत. वसुधाला फोनवर सांगितलं तर तीही हसली. "सोनजाईच्या निम्मी तरी असेल का?"

"चतुर्थांश."

"मग नको. शोधा."

उरलेला फेब्रुवारी असा गेला. दर शुक्रवारी संध्याकाळी मी एसटीने वाईला पळायचो, शनिवारी सोनजाई, रविवारी पांडवगड, आणि रविवारी रात्री तोंड वाकडं करून परत. आठवडाभराचा डोंगर दोन दिवसांत पिऊन घ्यायचा. सोमवारी पोथ्या बऱ्या दिसायच्या, बुधवारपर्यंत अक्षरं वैरी व्हायची.

मार्चमध्ये म्हटलं, पुण्याला न्याय्य संधी द्यावी. स्वारगेटहून कात्रजची बस घेतली, शेवटच्या थांब्याला उतरलो आणि जुन्या घाटाच्या दिशेने चालू लागलो. समोर खरा डोंगर होता. हिरवा नव्हे, पण अंगापिंडाने डोंगर. पायथ्याला पूर्वी गाव असणार. आता मधोमध देऊळ, बाजूला गोठा आणि चहूबाजूंना बारा-बारा मजले. गोठ्यापाशी पांढऱ्या शर्टातला एक भारदस्त माणूस म्हशीला थोपटत उभा होता. मागे त्याची गाडी, म्हशीपेक्षा काळी आणि मोठी.

"काय सर, कुठं निगाला?"

"वर. डोंगरावर."

"कंच्या? त्या? चला की, मी दावतो."

माणूस उदार वाटला. वीस मिनिटं आम्ही चढलो. त्याने करवंदीच्या जाळ्या दाखवल्या, लहानपणी गुरं कुठे चारली ते दाखवलं. मग एका सपाटीवर थांबला. जमिनीवर चुन्याने चौकोन आखलेले होते.

"ह्यो दीड गुंठ्याचा, त्यो दोनचा. कॉर्नर पायजे आसल तर आजच बोला."

"अहो, मला प्लॉट नकोय. मला डोंगर हवाय. चढायला."

त्याने मला नीट न्याहाळलं. राग नव्हता, शंका होती.

"सर, तुमाला डोंगर पायजे का डोंगराचा व्ह्यू?"

"डोंगर."

"त्यो कुणी घेत न्हाई आता. व्ह्यूला गिऱ्हाईक हाय." मग जरा थांबून म्हणाला, "चहा तरी घ्या. दूध घरचं हाय."

चहा उत्तम होता. त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्याच गुरांची वाट चौकोनात आखली गेली होती, आणि आखणारा तोच होता. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. म्हशीला मात्र तो चहा होईपर्यंत थोपटत होता. परत येताना बस दीड तास लटकली. रोज पायी जाण्याजोगा डोंगर ही अट तिथेच निकालात निघाली.

मग राहिली टेकडी. मार्चअखेर एका सकाळी, निव्वळ तुच्छतेने, मी तिथे गेलो. वाचकांसाठी: सदाशिव पेठेतून पर्वतीच्या पायथ्यापर्यंत पाऊण तास रमतगमत, तिथून पर्वतीच्या पायऱ्यांना नमस्कार करून मागच्या अंगाने तळजईकडे. खर्च शून्य. अपेक्षाही तेवढीच ठेवावी.

काय नव्हतं तिथे! उलटे चालणारे होते. हसण्याचा व्यायाम करणारे होते, एरवी त्या चेहऱ्यांना त्याची सवय नसावी. झाडाला मिठी मारून उभा असलेला एक गृहस्थ दुसऱ्या हाताने शेअरचे भाव बघत होता. आणि वाटेच्या सुरुवातीला पाण्याची टाकी, तिच्या शेजारी तेलाचे पाच-पाच लिटरचे रिकामे डबे ओळीने मांडलेले. प्रत्येकावर रंगाने नाव. लोक येत, आपला डबा भरत आणि वर नेत. डोंगरावर पाणी वाहून नेणारी जमात मी प्रथमच पाहत होतो.

पण परोपकाराची लागण मलाही होते. एक डबा भरला, वर नेला आणि पानं गाळून बसलेल्या एका केविलवाण्या बहाव्याला सगळा ओतला. फार बरं वाटलं. इतक्यात मागून आवाज आला.

"काय चाललंय?"

"झाडाला पाणी घालतोय."

"कोणाच्या?"

"कोणाच्या म्हणजे? झाडाच्या."

"डबा तांबोळींचा, झाड माझं, आणि पाणी तुम्ही घालताय. छान."

वळून पाहिलं तर अभ्यंकरबाई. पायांत बूट, बुटांना लाल माती.

"तुम्ही इथे येता?"

"एकोणीस वर्षं."

"मला बोलला नाहीत कधी!"

"तुम्ही डोंगराची चौकशी केलीत. ही टेकडी आहे." मग बहाव्याकडे बघून म्हणाल्या, "याचा हा तिसरा उन्हाळा. याचं पाणी तोडलंय आम्ही."

"म्हणजे मरू द्यायचं?"

उत्तर तांबोळींनी दिलं. ते गुडघा धरून एका दगडावर बसले होते, आपल्या डब्याचा प्रवास बघत.

"पहिला उन्हाळा रोज पाणी. दुसरा, आठवड्यातून दोनदा. तिसऱ्याला तोडायचं. वरून मिळत राहिलं तर मुळं वरच राहतात, खाली जातच नाहीत. तुम्ही चांगल्या मनाने केलंत, पण त्याची सवय बिघडवलीत." मग सहज विचारल्यासारखं, "दर शनिवारी वाईला जाता म्हणे?"

"डोंगरासाठी."

"हं," तांबोळी म्हणाले.

मी आयुष्यभर अलंकार शिकवले. उपमान कोणतं आणि उपमेय कोण हे मला समजत नाही असं नाही. पण कोणी आपल्यालाच उपमेय करून दगडावर निवांत बसावं, हा अनुभव नवा होता. मी चिडून खाली उतरलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, कारण डबा जागेवर ठेवायचा राहिला होता.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तांबोळींच्या गुडघ्याने संप केला. डॉक्टरांनी चढ बंद केला. टेकडीवर त्यांचं एक खैराचं रोप होतं, दुसऱ्या उन्हाळ्यातलं. आडनाव तांबोळी आणि झाड विड्याला कात देणाऱ्या खैराचं, हा विनोद ते स्वतःच आधी करून टाकतात, म्हणजे समोरच्याला काही शिल्लक राहत नाही. इथली रीत अशी की झाड सोडायचं असेल तर पाचजणांसमोर दुसऱ्याला सांगून द्यायचं. मला वाटलं बाईंना देतील.

"हे पावसापर्यंत यांच्याकडे," तांबोळी माझ्याकडे बोट करून म्हणाले.

"यांच्याकडे?" कोणीतरी विचारलं.

"यांना पाणी घालायची हौस आहे. वार सांगितले म्हणजे झालं."

"मंगळवार आणि शनिवार," अभ्यंकरबाई म्हणाल्या. "पाच लिटर, बुंध्याला नाही, आळ्याच्या कडेने. गावाला जाणार असाल तर बदली माणूस द्यायचा. न सांगता जायचं नाही."

शनिवार! म्हणजे वाई गेली. तीन आठवडे मी पुण्यातच राहिलो, खैरासाठी, आणि फोनवर वसुधाकडे टेकडीची यथेच्छ निंदा केली. ती ऐकून घ्यायची. एकदाच म्हणाली, "बोलता बरंच तिच्याबद्दल."

एप्रिलचा शेवटचा शनिवार आला. उत्तर द्यायचा दिवस. माझं उत्तर ठरलेलं होतं: नाही. डोंगर मिळालेला नव्हता, फसवायचं नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी एसटीत बसलो आणि सकाळी सहाला आम्ही दोघं सोनजाई चढू लागलो. वसुधा उत्तर ऐकायला मुद्दाम बरोबर आली होती.

काय तो डोंगर! अंगावर येणारा चढ, खाली कृष्णा, समोर पांडवगड. आणि वाटेच्या कडेने ओळीने वाळलेल्या काड्या. प्रत्येकीभोवती दगडांचं वर्तुळ. गेल्या पावसात कोणीतरी समारंभाने झाडं लावली होती. फोटोत मीही होतो, मागच्या रांगेत. त्यानंतर रोज त्यांच्यावरून गेलो असेन. हातात काठी असायची, पाठीवर पाणी असायचं, आणि ते पाणी मी वर जाऊन पीत होतो. तीस वर्षं ज्याला माझा डोंगर म्हणत आलो, त्याला एक थेंब दिल्याचं आठवेना.

मी घड्याळ पाहिलं. सव्वासात. तेव्हाच फोन वाजला.

"अहो, कुठे आहात?" अभ्यंकरबाईंना फोनची गरज नसते, त्या नुसत्या खिडकीतून बोलल्या असत्या तरी वाईला ऐकू आलं असतं.

"वाईला."

"शनिवार आहे आज. बदली कोण दिलाय?"

"दिला नाही."

"तांबोळी पायथ्याशी रिक्षात बसलेत. दर शनिवारी येतात, झाडाची खबर घ्यायला. तुम्हाला माहीत नसेल, त्यांनी सांगू नका म्हटलं होतं. आता त्यांना काय सांगू? झाड उन्हात टाकून आमचे भाडेकरू डोंगर बघायला गेलेत?"

"तुम्ही घालाल का पाणी?"

"अर्थातच घालीन. झाडाचा काय दोष?" आणि फोन बंद.

वसुधा माझ्याकडे बघत होती. तीस वर्षांत मला कोणी असं झापलेलं तिने ऐकलं नव्हतं. तो अधिकार तिचा एकटीचा होता.

"कोण होतं?"

"घरमालकीण."

"बरं. डोंगर मिळाला का?"

"नाही."

"मग उत्तर?"

मी त्या काड्यांकडे पाहिलं. "दुपारची एसटी किती वाजता आहे गं?"

"दीडला," ती म्हणाली. "पोहे खाऊन जा." सोमवारी अर्ज टाकल्याचं तिने तीन दिवसांनी कळवलं, तेही वीजबिलाच्या चौकशीनंतर.

त्या संध्याकाळी मी पर्वतीच्या मागे पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. खैराचं आळं ओलं होतं. तरी डबा घेऊन उभा राहिलो. तांबोळींना दुकानात जाऊन सांगितलं, चुकलं माझं. त्यांनी मशीनवरून मान वर केली नाही.

"झाड बोललं काही?"

"नाही."

"मग मी कशाला बोलू? मंगळवारी या वेळेवर."

जूनमध्ये वसुधा आली, दोन ट्रंका आणि सोनजाईचे बूट घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला टेकडीवर नेलं. माथ्यावर उभी राहून तिने चहूबाजूंनी शहर पाहिलं, मग पायाखालची चढण पाहिली.

"संपली?"

"संपली."

"आणि हिच्यासाठी मी बदली घेतली?"

"फसवलं नाही. चतुर्थांश म्हणालो होतो."

तर पुण्यात येऊ घातलेल्या डोंगरवेड्यांनो, फलश्रुती ऐका. डोंगर हवा असेल तर येऊ नका. सिंहगडाला बसने जा, मंडळाने नको. टायमिंग विचारलं तर सव्वा तास सांगा आणि ताक प्या. कात्रजला चहा घ्या, कॉर्नरचा प्लॉट नको. टेकडी खुजी आहे, गर्दीची आहे, तिच्यावरची माणसं खवट आहेत, आणि वर पोचल्यावर दिसतं ते पुणेच. यातलं एकही वाक्य मला मागे घ्यायचं नाही. हे लिहिताना बूट कागदावर झाडून झाले आहेत. आता दोन जोड असतात, माती दुप्पट. बाई जिन्यात उभ्या राहून मोजतात.

परवा उतरताना अभ्यंकरबाईंनी वसुधाला टाकीपाशी थांबवलं आणि एक जुना डबा पुढे केला. त्यावरचं नाव खरवडून काढलेलं होतं.

"हा तुमचा."

वसुधाने उलटसुलट करून पाहिला. "यावर माझं नाव कधी घालणार?"

बाईंनी माझ्या हातातल्या डब्याकडे बोट दाखवलं. त्यावर अजून 'तांबोळी'च आहे.

"यांचंही घातलेलं नाही. आधी एक उन्हाळा पुरा काढा."